चाळीस एकर, सातवं वर्ष: यंदा पैसा वाटेवर खर्च केला

हंगाम संपला की खर्चाचा पूर्ण हिशोब मांडेन असं मागच्या वर्षी कबूल केलं होतं. तो खाली आहेच. पण यंदाची खरी बातमी त्यातल्या एकाच ओळीत आहे: रानाला वरून वाट मिळाली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. 2019 साली मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रिचलँड काउंटीत, शिकारीसाठी चाळीस एकर घेतले. मॅडिसनहून हायवे 14 धरला की सव्वा तास. हा ड्रिफ्टलेस भाग. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख हिमनद्यांनी घासून सपाट केला, इथे त्या पोचल्या नाहीत, म्हणून डोंगरधारा आणि खोल घळी जशाच्या तशा राहिल्या. जमिनीची मोजणी मात्र 1785 च्या कायद्याने ठरवलेल्या चौकटींतली. चाळीस एकर म्हणजे 1320 फुटांची बाजू असलेला चौरस. कागदावर चौरस, प्रत्यक्षात पूर्वेकडे उतरणारा एक उभा डोंगर: ओक, मेपल, हिकरी, आणि खाली जुन्या कुरणाचा झुडपाळलेला तुकडा. सरकारी रस्ता फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, अगदी पायथ्याशी. भाव एकरी 4,100 डॉलर पडला, आणि तो कमी का पडला हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ते बाबांना पाच मिनिटांत कळलं. 2022 मध्ये ते साताऱ्याहून आले होते. आमच्याकडे शेतालाच रान म्हणतात, त्यामुळे हे झाडांचं रान बघून आधी ते गप्प झाले. मग पायथ्याशी उभं राहून वर बघत म्हणाले, "रान चांगलं हाय. पण वाट कुठनं हाय ह्याला?" मी रस्त्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "ही खालची झाली. वर कुठनं जातोस?" पाणंदीवरून आणि बांधावरून तीन पिढ्यांची भांडणं बघितलेला माणूस. गुडघ्यांमुळे त्यांना वर चढता आलं नाही. मुद्दा त्यांनी वहिवाटीच्या अंगाने काढला होता, पण शिकारीच्या अंगानेही तोच खरा होता.

कारण असं. व्हाइटटेल हरणं दिवसा धारेच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात बसतात, पाठीला वारा आणि डोळ्यांसमोर उतार ठेवून. आमच्याकडे वारा बहुतेक वायव्येचा, म्हणजे पूर्वेचा उतार आडोशाचा. त्यांची बसायची जागा माझ्या जमिनीच्या उत्तरेकडच्या अंगाला आहे. आणि मी यायचो कुठून? बरोबर तिच्या खालून. सकाळी ऊन पडलं की हवा तापते, उताराने वर चढते, आणि माझा वास घेऊन थेट त्यांच्या नाकापर्यंत जाते. चार हंगाम मी पहाटे मचाणावर जाऊन बसलो आणि साडेसातच्या सुमाराला वरून, माणसाचा वास लागलेल्या हरणाचा तो फुत्कार ऐकला. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. कॅमेऱ्यात रात्री चौदा-चौदा हरणं दिसायची, दिवसा एक नाही. मी मचाणं बदलली, जास्त महागडे कपडे घेतले, पेरणी वाढवली. चुकत होती ती वाट.

मार्च ते जून: कागद

धारेवरचं शेत एका निवृत्त दूध उत्पादक शेतकऱ्याचं आहे. आता ते तिथे मका आणि अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूणघास, आलटून पालटून घेतात. चार उन्हाळे मी त्यांच्या गवताच्या गठ्ठ्यांना हात लावायला जातोय. शेताच्या कडेने चालत जायला त्यांनी 2023 मध्येच तोंडी हो म्हटलं होतं. पण तोंडी परवानगी माणसाबरोबर असते, जमिनीबरोबर नसते. उद्या शेत विकलं गेलं की नवा मालक "कोण तुम्ही?" म्हणणार. म्हणून यंदा मी धीर करून विचारलं की हक्क लेखी देता का. त्यांनी दोन आठवडे घेतले, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून पेन्सिलने स्वतःच रेघ ओढली. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून, बारा फूट रुंद, पायी आणि एटीव्हीने (रानात चालणारी छोटी चारचाकी) जाण्यापुरती, आणि पीक उभं असताना एटीव्ही नाही. ही शेवटची अट त्यांची, आणि अगदी रास्त.

मोजणीदाराचे 1,400, वकिलाचे 650, काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या कचेरीत, नोंदणीचे 30, आणि शेजाऱ्यांना मोबदला 2,500. एकूण 4,580 डॉलर. सात वर्षांत या जमिनीवर केलेला हा सगळ्यात चांगला खर्च. जमीन बघत असाल तर माझं ऐका: हरणं किती दिसतात हे नंतर विचारा. आधी नकाशावर वाऱ्याची दिशा काढा, मग रस्ता कुठे आहे ते बघा, आणि ती वाट कुणाच्या कागदावर आहे ते रजिस्टर ऑफ डीड्समध्ये जाऊन स्वतः वाचा.

जुलै ते ऑक्टोबर: करवत

वाटेवर अ‍ॅशची मेलेली झाडं उभी होती. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि 2008 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये. साल उचकटली की खाली अळ्यांनी कोरलेली नागमोडी चित्रं दिसतात. मेलेला अ‍ॅश ठिसूळ होतो, कापताना वरची फांदी कधी सुटून डोक्यावर येईल सांगता येत नाही. हेल्मेट, पायांची चॅप्स सगळं असूनही मोठी झाडं मी स्वतः पाडत नाही. एका लाकूडतोड्याला 700 डॉलर देऊन धोक्याची नऊ पाडून घेतली. बारीक काम माझं: बकथॉर्न हे माजणारं झुडूप बुंध्याशी कापायचं आणि त्याच मिनिटाला खुंटावर औषध लावायचं. नुसतं कापून सोडलं तर पुढच्या वर्षी एकाची सात होतात.

ऑगस्टच्या शेवटी अर्ध्या एकराच्या फूड प्लॉटमध्ये, म्हणजे हरणांसाठी पेरायच्या तुकड्यात, विंटर राय हे गव्हासारखं धान्य टाकलं. माती तपासून घेतली तेव्हा पीएच 5.7 निघाला होता, शिफारस एकरी दोन टन चुन्याची. चुन्याचा ट्रक एवढ्या चढावर येत नाही, म्हणून दाणेदार चुन्याच्या चाळीस पौंडी पन्नास पिशव्या एटीव्हीवरून खेपा करून नेल्या. आता मार्चमध्ये, जमीन रात्री गोठते आणि दिवसा सुटते त्या दिवसांत, उभ्या रायमध्येच क्लोव्हर फेकायचं. क्लोव्हर म्हणजे लसूणघासाच्याच नात्यातलं, द्विदल. भेगांतून बी आपोआप आत जातं, नांगर लागत नाही.

ऑक्टोबरमध्ये एक काम केलं ते कुणाला क्षुल्लक वाटेल. वरच्या वाटेची शेवटची साठ पावलं दाताळ्याने पानं ओढून स्वच्छ केली. खाली ओली काळी माती. पाय ठेवला तर आवाजच नाही.

22 नोव्हेंबर

बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामाचा पहिला शनिवार. साडेपाचला शेताच्या कडेला गाडी लावली. उणे चार सेल्सियस, वारा वायव्येचा, चंद्र नाही. अंगावर भगवं जाकीट, बंदूक अजून रिकामी. मक्याच्या खुंटांच्या बाजूने चालत कोपऱ्यापर्यंत, तिथून खाली साठ पावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मचाणापर्यंत पोचलो आणि कुठेही काही उधळलं नाही. हार्नेस अडकवला, मग दोरीने बंदूक वर घेतली, मग भरली.

उजाडताना आधी खारी. मग खालच्या घळीत टर्की उतरल्याचा धपधप आवाज. सात चाळीसला उत्तरेकडच्या झुडपात एक कान हलला. नुसता कान. पुढची दहा मिनिटं मी तेवढाच बघत होतो. मग ती उठली, पाठ ताणली, आणि तिच्यामागे आणखी चार. सगळ्या डो, म्हणजे माद्या. त्या बसलेल्याच होत्या, मी पोचलो तेव्हाही, शंभर यार्डांच्या आत. त्यांचा वास वाऱ्याबरोबर माझ्याकडे येत होता, माझा दरीकडे निघून जात होता. चालत चालत त्या पासष्ट यार्डांवर आल्या. मोठी डो आडवी झाली, मागे डोंगराची माती होती, तेव्हा मी गोळी सोडली. चाळीस पावलांवर पडली. खाली उतरून तिच्या मानेवर हात ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिलो. हे मी दर वेळी करतो.

बक, म्हणजे नर, मिळाला नाही का, असं विचारणारे भेटतात. या भागात डो मारणं हेच जास्त गरजेचं आहे. हरणं फार झाली की ओकचं एकही रोप गुडघ्याच्या वर जात नाही. आणि दुसरं कारण सीडब्ल्यूडी, हरणांचा एक जीवघेणा रोग.

याबद्दल एक जुनी गोष्ट सांगायची राहिली आहे. हा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये माउंट होरेबजवळ सापडला, आणि आमची काउंटी आता त्याच्या मुख्य पट्ट्यात येते. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, शिजवून तो मरत नाही, आणि लागण झालेलं हरीण बराच काळ धडधाकट दिसू शकतं. 2023 मध्ये मला अडीच वर्षांचा बक मिळाला होता. तपासणी फुकट असते: मुंडकं मानेच्या तुकड्यासकट पिशवीत घालून डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) पेटीत ठेवायचं, दोनेक आठवड्यांत निकाल येतो. तोवर आम्ही मांस कापून फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. मुलीने बावीस पाकिटांवर देवनागरीत लिहिलं होतं: खिमा, मांडी, नळ्या. निकाल पॉझिटिव्ह आला. असं मांस खाऊ नये हा सल्ला स्पष्ट आहे. मी सगळी पाकिटं दुहेरी पिशव्यांत भरून कचराभूमीच्या गाडीत टाकली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "मग आपण त्याला मारलं कशाला?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्या वर्षापासून निकाल हातात आल्याशिवाय घरात कुणी तुकडाही शिजवत नाही, आणि डो घेण्याचा परवाना मी वाया घालवत नाही.

या वर्षीचा निकाल 9 डिसेंबरला आला: रोग आढळला नाही. साधारण अठरा किलो मांस. चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे नळ्या कुकरमध्ये कांदा-लसूण मसाल्यात जास्त वेळ ठेवाव्या लागतात आणि तेल सढळ लागतं. मुलीने दोनदा वाढून घेतलं.

हिशोब

कर्जाचा हप्ता महिन्याला 881 डॉलर. पंचवीस टक्के आधी भरले, उरलेले वीस वर्षांत. नुसत्या जमिनीच्या कर्जाला घराच्या कर्जापेक्षा व्याज जास्त पडतं, आधी भरायची रक्कमही जास्त. मालमत्ता कर आधी 1,900 च्या आसपास यायचा. मग 34 एकर मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ या जंगलासाठीच्या करसवलतीच्या कायद्याखाली घातले. पंचवीस किंवा पन्नास वर्षांचा करार, मी पंचवीसचा केला. जंगल सगळ्यांना खुलं ठेवलं तर एकरी सुमारे दोन डॉलर, बंद ठेवलं तर सुमारे दहा. माझं बंद आहे, तरी सगळं मिळून आता साडेपाचशे. बदल्यात जंगलाचा लेखी आराखडा पाळावा लागतो, ठरलेल्या वर्षी तोड करावीच लागते, आणि मधेच बाहेर पडलात तर दंडासारखा कर बसतो. ज्यांना पाच वर्षांत विकायची आहे त्यांनी यात पडू नये.

बाकी यंदा: विमा 260, पेट्रोल 600, चुना-बी-औषध 520, करवतीची देखभाल 140, कॅमेऱ्यांचे प्लॅन आणि बॅटऱ्या 220, अ‍ॅश तोडणी 700, धनुष्य आणि बंदूक दोन्हींचे परवाने मिळून 48. हप्ता आणि वाट सोडून तीन हजारांच्या थोडं वर. काडतुसांच्या किमतीत 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा 11 टक्के अबकारी कर असतोच, तो वन्यजीवांच्या कामाला जातो, तो मी आनंदाने भरतो. आलेली बाजू एकच: 2022 च्या विरळणीत लाल ओक आणि अक्रोडाच्या लाकडाचे वनतज्ज्ञाचं कमिशन जाऊन दहा हजार मिळाले होते.

याला मांसाच्या किलोने भागू नका. मी एकदा भागलं होतं, आणि त्यातून जे उत्तर येतं ते या जमिनीबद्दल काहीच सांगत नाही. त्या विरळणीनंतर जिथे ऊन पोचलं, तिथे मी व्हाइट ओकची साठ रोपं, हरणांनी खाऊ नयेत म्हणून, पाच फुटी नळ्यांत लावली. यंदा सप्टेंबरमध्ये अकरा नळ्यांच्या तोंडातून पानं बाहेर आली आहेत. आता हरणांचं तोंड तिथवर पुरत नाही. याच उघड्या जागेत एप्रिलच्या संध्याकाळी वुडकॉक पक्ष्याचा नर आकाशात घिरट्या घेत वर चढतो आणि किलबिलत खाली येतो. 2022 आधी तो इथे नव्हता. इथून तासाभरावर बाराबूजवळ ऑल्डो लिओपोल्ड या निसर्गलेखक वनतज्ज्ञाने 1935 मध्ये झिजलेली शेतजमीन घेतली, तीही आधी शिकारीचा तळ म्हणूनच, आणि मग वर्षानुवर्षं पाइन लावत राहिला. पहिली रोपं बहुतेक दुष्काळात गेली. ती जागा मी बघून आलोय. आता तिथे सावली आहे.

बाबांना फोनवर वाटेचा कागद दाखवला. त्यांनी नोंदणीचा क्रमांक मोठ्याने वाचून घेतला, रुंदी दोनदा विचारली, आणि "आता सातबाऱ्यावर चढली म्हणायची" म्हणाले. मे महिन्यात ते येतायत. या वेळी गाडी शेताच्या कडेपर्यंत नेता येईल, तिथून एटीव्ही. पीक अजून उगवलेलं नसेल, पण शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवलंय. वाटेत दोन अ‍ॅशचे ओंडके अजून आडवे पडले आहेत. ते एप्रिलपर्यंत कापून बाजूला करायचेत.