विमान नकाशावरून गायब झालं तर

घरातलं कुणी विमानात बसलं की हल्ली दोन्हीकडे फ्लाइटरडार२४, म्हणजे उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप, उघडलेलं असतं. इकडे आम्ही बघतो, तिकडे तुम्ही. आणि हमखास मध्येच फोन येतो, "अरे, विमान दिसेनासं झालंय!" तेव्हा आई-बाबा-मावशी, सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो.

नावात रडार असलं तरी यातली बहुतेक माहिती रडारची नसते. विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा ती सांगत राहतं. या यंत्रणेला एडीएस-बी म्हणतात. ते ऐकायला जमिनीवर अँटेना लागतात, आणि त्यातल्या कितीतरी हौशी मंडळींनी स्वतःच्या घराच्या छपरावर लावलेल्या आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे एका अँटेनाला फार तर चारेकशे किलोमीटरपर्यंतचं विमान ऐकू येतं. भर समुद्रात अँटेना कोण लावणार? तिथे मग शेवटचा वेग आणि दिशा धरून अंदाजाने विमान पुढे सरकवतात, नाहीतर ते दिसेनासं होतं. काही ठिकाणी आता उपग्रहही ऐकतात, पण सगळंच फुकटात दिसत नाही. थोडक्यात, विमान बोलत असतं, ऐकायला कुणी नसतं.

दुसरा ठरलेला प्रश्न, "एवढ्या वरून वळसा घालून का नेतायत?" बहुतेक वेळा तो वळसा नसतोच. सपाट नकाशावरची सरळ रेघ हा जवळचा रस्ता नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, आपल्या उत्तर गोलार्धात तो बहुधा उत्तरेकडेच सरकतो. अटलांटिकवर तर वाऱ्याप्रमाणे रोज नवे मार्ग आखतात. पूर्वेकडे जाणारी विमानं जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा, पाठीशी घेतात, म्हणून कधी ताशी ११०० किलोमीटर वेग दिसतो. तो जमिनीच्या हिशेबाने असतो. तेच विमान परतताना ८५०वर आलं तर वैमानिक पेंगतोय असं समजू नका.

खरे वळसे राजकारणाचे. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीचा हेलसिंकी ते टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरावर गेला. काही विमानं थेट उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं, तर दिल्लीहून युरोपला निघालेली त्यांची विमानं आधी खाली अरबी समुद्राकडे वळू लागली. वर्तमानपत्रात दोन ओळीत संपणारी बातमी इथे तासाभराच्या जादा रेघेत दिसते. मला तरी या नकाशात हेच सगळ्यात जास्त बघावंसं वाटतं.

पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूला आणखी एक गंमत, म्हणजे विमानात बसलेल्यांसाठी गंमत नव्हे. तिथे कुणीतरी खोटे जीपीएस सिग्नल सोडतं, आणि आकाशातलं विमान नकाशावर अचानक बैरूतच्या विमानतळावर उभं दिसतं. अशा वेळी नकाशा चुकतोय असं समजा आणि थोड्या वेळाने परत बघा.

उतरायच्या आधी गोल गोल घिरट्या दिसल्या तर बहुधा धावपट्टीसाठी रांग असते. आणि हो, नंबर टाकल्यावर तारीख नीट बघा. एकच नंबर रोज उडतो. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर कालचं पोचलेलं विमान बघून लोक विमानतळावर जाऊन उभे राहतात.