तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ठरावावर माझी सही आहे

पावसाळ्यात कुठे दरड कोसळली की मला हमखास विचारलं जातं, "माधव गाडगीळांच्या अहवालाविरुद्ध ग्रामसभेत तूच बोललास ना? मग आता त्यांची पुस्तकं पोरांना वाचायला कोणत्या तोंडानं देतोस?" इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आता एकदाच सांगून टाकतो.

होय, बोललो. 2013 साली, सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात, देवळाच्या मंडपात. पश्चिम घाट कसा राखावा हे सांगणारा, पर्यावरणशास्त्रज्ञ गाडगीळांच्या समितीचा तो अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्र सरकारला सादर झाला, लोकांसमोर यायला मे 2012 उजाडला, आणि आमच्यापर्यंत पोचला तो चार पानांचा झेरॉक्स. घर बांधायला बंदी, जांभ्या दगडाच्या चिरेखाणी बंद, बागायती जाणार. कुणी लिहिलं होतं ते, मी विचारलंसुद्धा नाही. वीस मिनिटं तावातावानं बोललो. टाळ्या पडल्या.

माझी चुलती खांबाला टेकून बसली होती. एरवी ती ग्रामसभेला फिरकत नसे. पुतण्या बोलणार म्हणून आली होती. अहवालाला विरोध करणाऱ्या ठरावाचा कागद फिरत तिच्यापाशी आला तेव्हा तिनं सगळ्यांदेखत मला विचारलं, "तू वाचलंस काय रे ह्यां सगळां?"

"व्हय काकी, वाचलंय."

तिनं अंगठा लावला. शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसली, दिसू नये म्हणून, आणि उठून घरी गेली. मंडपातला गलका मला आठवत नाही. तो पदर आठवतो.

30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं. अहवाल लागू असता तर ती वाचली असती असा हिशेब मी मांडत नाही, मेलेल्यांच्या जिवावर वाद जिंकणं मला पटत नाही. पण त्या आठवड्यात मी मूळ अहवाल उघडला. इंग्रजी, शेकडो पानं. शब्दकोश शेजारी घेऊन दोन महिने बसलो. अहवालानं घाटाचे कमी-जास्त कडक नियमांचे विभाग पाडले होते. त्यातल्या सर्वांत कडक विभागातसुद्धा, गावातल्याच माणसांची संख्या वाढली तर त्यांच्या घरांसाठी शेतजमीन वापरायला मुभा होती. आणि हे विभाग म्हणजे शेवटचा शब्द नव्हता, ते ग्रामसभांपुढे ठेवून ठरवायचे होते. म्हणजे ज्या मंडपात उभा राहून मी विरोध केला, त्याच मंडपाला विचारा असं तो माणूस सांगत होता.

तरी आम्हाला मूर्ख म्हणू नका. कडक विभागात नव्या खाणींना परवाना नाही हे अहवालात होतंच, आणि आमच्या घरातली दोन माणसं चिऱ्यावर जगतात. ती भीती कुणी आमच्या डोक्यात भरवलेली नव्हती. शिवाय सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर गावोगाव हिंडून देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, पाहणाऱ्या, त्या राखणाऱ्या माणसांशी बोलणाऱ्या गाडगीळांचं म्हणणं आमच्यापर्यंत आमच्या भाषेत, पूर्ण, का पोचलं नाही? त्यांनाही तेच हवं होतं, अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांकडे जावा म्हणून ते सांगत राहिले. पण पोचला नाही, हेही तितकंच खरं. तेव्हाचा मी आज समोर आला तर हेच विचारील, आणि मला त्याला गप्प करता येणार नाही. मी फक्त एवढं विचारीन, मग काकीला "नाही, वाचलं नाही" का म्हणाला नाहीस?

पुस्तकं देतो ती म्हणून. पोरांनी गाडगीळांचं ऐकावं असा माझा आग्रह नाही. चिरेखाण हवी की नको यावर माझंच मत वर्षातून दोनदा बदलतं. पश्चिम घाटाचा संवेदनशील भाग ठरवणाऱ्या अधिसूचनेचे केंद्राचे मसुदे तर 2014 ते 2024 या काळात सहा निघाले. निदान पुढच्या वेळी विरोध करायचा तर वाचून करा.

अहवाल वाचून झाल्यावर मी काकीकडे गेलो होतो. सगळं सांगितलं, खोटं बोललो होतो तेही. ती सुपाऱ्या सोलत होती. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मगे आता परत आंगठो मारूचो काय? कागद खंय आसा?"

माझ्याकडे कागद नव्हता.