चिकूचं नख आणि श्रीखंडाचा डबा

काल रात्री आमच्या चिकूचं, म्हणजे शुगर ग्लायडरचं (झाडावरून झाडावर तरंगत झेप घेणारा, खारीसारखा दिसणारा छोटा प्राणी), नख त्याच्या झोपायच्या कापडी पाऊचच्या शिवणीत अडकून तुटलं आणि रक्त बघून माझेच हातपाय गार, अहो अख्ख्या जिवाचं वजन 110 ग्रॅम, त्यात चार थेंब म्हणजे पण खूप झाले ना! शेवटी चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरलं तेव्हा थांबलं. आज श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात त्याचं प्रथमोपचाराचं किट भरलं, सलाईन, गॉझ, बिनसुईची 1 एमएलची सिरिंज, छोटा डिजिटल काटा, गरम पाण्याच्या बाटलीवर चढवायला जुना मोजा (थेट लावली तर भाजेल), आणि झाकणावर एक्झॉटिक व्हेटचा, म्हणजे अशा वेगळ्या पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांचा, नंबर, कारण आमचे नेहमीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "हे नक्की काय असतं?" आई म्हणे पॅरासिटामॉल पण ठेव. अगं आई, आपल्या गोळ्या त्याला नाही चालत!! चिकू आत्ता त्याच डब्यावर बसून पपई खातोय.