डिशवॉशर घेताना ब्रँड शेवटी निवडला

डिशवॉशर घ्यायचा म्हटलं की चर्चा लगेच नावावर येते. बॉश घ्यावा, आयएफबी घ्यावा, की ऑनलाइन दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळणारं कुठलंसं नाव चालेल? मी नावाचा विचार मागे ठेवला आणि आधी घराची मापं घेतली. निम्मी यादी तिथेच गळाली.

पहिलं माप पाण्याच्या दाबाचं. बॉशच्या पुस्तिकेत किमान ०.५ बार दाब आणि मिनिटाला १० लिटर पाणी मागितलेलं असतं. चिनी बनावटीच्या बऱ्याच यंत्रांवर ०.०४ मेगापास्कल, म्हणजे ०.४ बार लिहिलेलं असतं. टाकी दहा मीटर वर असेल तर नळाला साधारण एक बार दाब मिळतो. सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला याची काळजीच नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र टाकीचा तळ नळापासून जेमतेम चार मीटर वर असतो, म्हणजे दाब ०.४ बार. तपासायची रीत सोपी आहे. ज्या नळाला यंत्र जोडायचंय त्याच्याखाली दहा लिटरची बादली धरायची आणि घड्याळ लावायचं. मिनिटाच्या आत भरली तर ठीक. दीड मिनिट लागत असेल तर प्रेशर पंप आधी बसवायचा, डिशवॉशर मागून, आणि पंपाचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरायचा. दाब कमी पडला की यंत्र पाणी भरत बसतं, ठरलेली वेळ उलटली की थांबतं आणि एरर दाखवतं. दोष नळाचा, शिव्या ब्रँडला.

दुसरं माप पाणी किती जड आहे याचं. इथे टीडीएस मीटर फसवतो. त्यात सोडियमसकट सगळे विरघळलेले क्षार मोजले जातात. ग्लासवर पांढरा थर येतो तो मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. त्यासाठी हार्डनेस मोजायची पट्टी वेगळी मिळते. पट्टीवरचा आकडा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असा असतो, यंत्राच्या पुस्तिकेत बहुधा जर्मन अंश असतात, पीपीएमला १७.८ ने भागलं की जर्मन अंश येतात. पुण्यात धरणाचं पाणी सुरू असतं तोवर आकडा खाली राहतो. उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअर आणि टँकर मिसळते तेव्हा आमच्याकडे तो ३८० च्या आसपास गेला, म्हणजे २१ अंश. यंत्रात पाण्याच्या जडपणाचं सेटिंग असतं, ते अशा वाईट दिवसांच्या पाण्यावर करायचं. यंत्राच्या तळाशी मिठाच्या कप्प्याशेजारी रेझिनचे मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम पकडतात, आणि पकडून पकडून भरले की यंत्र त्यांना मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा मोकळं करतं. हे किती वेळा करायचं ते त्या सेटिंगवर ठरतं. ओट्यावर ठेवायच्या काही स्वस्त, छोट्या यंत्रांत हा कप्पाच नसतो. बोअरचं पाणी येणाऱ्या घरात तसलं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये.

मग जागा. मोठं यंत्र साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ६० खोल आणि ८५ उंच असतं. ओट्याखाली बसवायचं तर ग्रॅनाइटच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजा. अनेक यंत्रांचं वरचं झाकण काढता येतं, त्यात तीनेक सेंटिमीटर सुटतात. आपल्याकडे ते बहुधा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी जातं. तिथे प्लंबर हटकून सांडपाण्याची नळी फरशीवरच्या जाळीत सोडून देतो. नळीचं तोंड इतकं खाली राहिलं की सायफन लागतो, आत घेतलेलं पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं आणि यंत्र पुन्हा पुन्हा भरत राहतं. नळी एकदा तरी फरशीपासून ४० सेंटिमीटरच्या वर जायला हवी आणि १०० च्या वर जाऊ नये. विजेसाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. हीटर दोन किलोवॅटच्या आसपास असतो, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड नको. ज्या यंत्रांत गळती रोखायचा व्हॉल्व्ह नळीच्या नळाकडच्या टोकाला असतो, तिथे ते टोक मुठीएवढं जाडजूड असतं आणि नळीतून तारा गेलेल्या असतात. ती कापून लांब-आखूड करता येत नाही. नळ भिंतीला चिकटून असेल तर आधी तो पुढे घ्यावा लागतो.

एवढं झाल्यावर ब्रँड. यातली नाती माहीत असली की डोकं शांत राहतं. बॉश आणि सीमेन्स ही दोन्ही घरगुती यंत्रं बीएसएच या एकाच कंपनीची. सीमेन्सने आपला हिस्सा २०१५ साली बॉशला विकला, नाव तेवढं उरलं. व्होल्टास बेकोत टाटांची व्होल्टास आणि तुर्कस्तानची आर्चेलिक आहे. कमी माहितीच्या नावांपैकी पुष्कळांचा माल चीनमधल्या मिडियासारख्या मोठ्या कारखान्यांतून येतो. ओळखायचं कसं? दोन ब्रँडच्या पुस्तिका डाउनलोड करून शेजारी ठेवायच्या. बाहेरची मापं मिलिमीटरपर्यंत तीच, फिल्टरचं चित्र तेच, आणि एररच्या तक्त्यात ई१ म्हणजे पाणी वेळेत भरलं नाही, ई३ म्हणजे पाणी तापलं नाही, ई४ म्हणजे गळती, असं जुळलं की कारखाना बहुतेक एकच. मग त्या दोघांतल्या महागाला जास्त पैसे कशाचे द्यायचे, हे विक्रेत्यालाच विचारावं.

मोठ्या नावाचं सगळंच भारी असतं असंही नाही. बॉशच्या खालच्या मालिकांत टबाचा तळ प्लास्टिकचा असतो, बाजू तेवढ्या स्टीलच्या. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पण ‘पूर्ण स्टील’ म्हणून कोणी विकत असेल तर दार उघडून तळाला हात लावून बघा. वाळवण्यातही फरक आहे. साध्या यंत्रात शेवटचं गरम विसळणं झालं की भांडी स्वतःच्याच उष्णतेने वाळतात. स्टील आणि काच कोरडी होते, प्लास्टिकचे डबे ओलेच निघतात. काही यंत्रं शेवटी दार आपोआप किंचित उघडतात. वरच्या मालिकांत पाण्याची वाफ शोषणारं झिओलाइट असतं. स्टीलची भांडी जास्त असलेल्या घराने झिओलाइटसाठी पैसे मोजायची गरज नाही. वायफायसाठी तर नाहीच.

खरा फरक दिसतो तो भांडी ठेवायच्या जाळ्यांत. ‘१३ सेट’, म्हणजे तेरा जणांची भांडी, हा आकडा युरोपातल्या बश्या, कप आणि काट्या-चमच्यांवर ठरलेला. त्यात कढई नाही, कुकर नाही. म्हणून शोरूममध्ये जाताना घरचं सगळ्यात मोठं ताट, चार वाट्या, तळणीची कढई आणि पाच लिटरचा कुकर पिशवीत घालून नेला. सेल्समन जरा चमकतो, हरकत नाही. वरची जाळी वर सरकवून ताट उभं राहतं का, खालच्या जाळीचे दात आडवे पडतात का, कढई पालथी ठेवल्यावर तिचा कान फवाऱ्याच्या पात्याला अडतो का, हे तिथेच हाताने पातं फिरवून बघायचं. दोन स्वस्त यंत्रांत दात पक्के होते. कढई तिरकी बसली आणि पातं अडलं. फवारा फिरला नाही तर ७० अंशांचा प्रोग्रॅम लावूनही वरच्या वाट्या मेणचट निघतात.

सर्व्हिसबद्दल विक्रेत्याला विचारून उपयोग नाही. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून आपला पिनकोड सांगायचा आणि विचारायचं: माणूस कंपनीचा येतो की ठेकेदाराचा? या मॉडेलचा ड्रेन पंप (सांडपाणी बाहेर फेकणारा) आणि पीसीबी (यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गावात मिळतो की मागवावा लागतो? मोटर वेगळी बदलता येते का? काही महागड्या यंत्रांत पाणी फिरवणारा पंप आणि हीटर एकत्र असतात. हीटर गेला की अख्खा संच बदलावा लागतो आणि बिल मोठं येतं. ‘मोटरवर दहा वर्षं’ या वॉरंटीत पीसीबी बहुधा नसतो, आणि विजेच्या चढउतारात जातो तो पीसीबीच. एक प्रश्न कोणी विचारत नाही: यंत्राला खालून झाकणी आहे का? नसेल तर पावसाळ्यात उंदीर आत शिरून नळ्या कुरतडतात. जाळी बसवून घ्यावी.

शेवटी मी मोठ्या नावाचं, पण खालच्या मालिकेतलं १३ सेटचं यंत्र घेतलं. आमच्या पिनकोडला सुटे भाग हजर होते, हे मुख्य कारण. भाड्याच्या घरात, दोन-तीन वर्षांसाठी घ्यायचं असतं तर पुस्तिका जुळलेल्या जोडीतलं स्वस्त घेतलं असतं. तालुक्याच्या गावी जिथे एकाच कंपनीचा मेकॅनिक येतो, तिथे ज्याचा मेकॅनिक त्याचंच यंत्र.

बसवल्यावर मिठाच्या कप्प्यात फक्त पहिल्या वेळी लिटरभर पाणी, मग काठोकाठ डिशवॉशरचं जाडं मीठ, साधारण किलोभर. स्वयंपाकाचं बारीक मीठ तिथे गोळा होऊन बसतं. सांडलेल्या मिठाने स्टीलला गंज धरतो, म्हणून मीठ भरल्या भरल्या एक फेरी चालवायची. हाताने घासायचा लिक्विड साबण चमचाभरसुद्धा नको; फेस दारातून बाहेर येतो आणि गळतीची एरर लागते. भांडी आधी धुवायची नाहीत, खरकटं फक्त निपटायचं. अ‍ॅल्युमिनियमची पातेली आत काळी पडतात, बिडाचा तवा गंजतो, लाकडी पोळपाट तडकतो. ही मंडळी मोरीतच. फिल्टर आठवड्यातून एकदा काढून नळाखाली धरायचा. त्यात भाताची शितं, कोथिंबिरीच्या काड्या आणि ओल्या खोबऱ्याचा कीस सापडतो. पैकी खोबरंच ड्रेन पंपाच्या पंख्यापर्यंत पोचतं, तेव्हा नारळीभात झालेलं पातेलं आत ठेवायच्या आधी बोटाने पुसून घ्या.