धडाक्याच्या आधीची शांतता कशी बांधायची

भयपटात प्रेक्षकाला दचकवणं आणि त्याच्या मनात धास्ती बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दचकणं ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. मोठा आवाज कानावर पडला की साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटतात, पाठोपाठ मान आणि खांदे आखडतात. काय झालं हे मेंदूला कळायच्या आत शरीर आटोपून मोकळं होतं. धास्तीला मात्र मिनिटं लागतात. आणि जो आधीच धास्तावलेला आहे तो त्याच आवाजाला कितीतरी जास्त दचकतो. म्हणून साऊंड डिझाइनरचा खरा वेळ धडाक्याआधीच्या, म्हणजे दचकवणाऱ्या मोठ्या आवाजाआधीच्या भागावर जायला हवा. प्रत्यक्षात तो धडाक्यावरच खर्च होतो, आणि तिथेच बहुतेक भयपट फसतात.

धडाक्याचं आधी उरकून घेऊ. दचकवणारा आवाज काही मिलिसेकंदांतच शिगेला पोहोचावा लागतो. सावकाश चढत गेला तर कितीही मोठा असला तरी दचका बसत नाही. एकाच स्वरापेक्षा सगळ्या पट्ट्यांत पसरलेला, गोंगाटासारखा आवाज जास्त परिणाम करतो. म्हणून थर लावतात: खाली ४० ते ६० हर्ट्झचा दणका, मध्ये धातू किंवा तंतुवाद्यांचा ओरखडा, वर २ ते ५ हजार हर्ट्झमधली किंचाळी, कारण त्या पट्ट्यात कान सर्वांत तीक्ष्ण असतो. हे सगळे थर एकाच क्षणी सुटले पाहिजेत. धातूचा थर चुकून १०० मिलिसेकंद आधी, हलकासा जरी वाजला, तरी मज्जासंस्था सावध होते आणि पुढचा दचका चक्क कमी होतो. प्रयोगशाळेत हा परिणाम पुन्हा पुन्हा मोजला गेला आहे. धडाका फुसका वाटतो तेव्हा आवाज वाढवण्याआधी त्याच्या लगेच आधीची कापडाची सळसळ, श्वास, दाराची कडी असं काही राहिलंय का ते पाहा. बहुधा तिथेच पाणी मुरत असतं.

आता शांततेकडे. चित्रपटगृहात मिक्सची (सगळे आवाज एकत्र करून बनवलेल्या अंतिम ध्वनीची) संदर्भ पातळी ८५ डेसिबल असते आणि पडद्यामागच्या एका चॅनलची कमाल मर्यादा १०५. आधीचं संगीतच ९५ वर गर्जत असेल तर धडाक्याला जागा उरते फक्त १० डेसिबल. ती जागा खालून मिळवावी लागते. पण ट्रॅक पूर्ण कोरा करू नका. पूर्ण शून्य झालं की प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं आणि तो गोष्टीतून बाहेर येतो. खोलीचा स्वतःचा बारीक आवाज, म्हणजे रूम टोन, कायम ठेवा आणि बाकीचे आवाज एकेक करून काढा. दूरची रहदारी आठ-दहा सेकंदांत विरवा, पंख्याची घरघर त्यानंतर. रातकिडे मात्र एकदम थांबवा. ते खरोखरही चाहूल लागली की गप्प होतात, आणि काय बदललं हे न कळताच ऐकणाऱ्याचे कान टवकारले जातात. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या भयपटात रात्रीच्या रस्त्यावर मागून येणारी पावलं थांबतात, एवढंच घडतं. मग फुसकारत येते ती साधी बस. तो फुसकारा चालतो, कारण त्याच्याआधी पावलं काढून घेतलेली आहेत.

बेसूरपणाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे की दोन न जुळणारे स्वर एकत्र लावले की भीती तयार. षड्ज आणि कोमल रिषभ एकत्र धरून पाहा. ५५ आणि ५८ हर्ट्झला लावलेत तर सेकंदाला तीन आंदोलनं येतात, म्हणजे आवाज तीनदा चढतो-उतरतो, जड आणि डुलणारा. तीच जोडी ४४० आणि ४६६ वर नेली की फरक २६ हर्ट्झचा होतो आणि कानाला आंदोलनांऐवजी खरखर जाणवते. एकाच अंतराची दोन वेगळी कामं: खालची जोडी वाट पाहायला लावते, वरची अंगावर काटा आणते. या खरखरीचं महत्त्व मोठं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार माणसाची किंकाळी बोलण्यापासून वेगळी ओळखू येते ती तिच्या पातळीतल्या ३० ते १५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा होणाऱ्या वेगवान चढउतारामुळे. त्यामुळे प्राण्याची गुरगुर बनवताना आवाजाची पातळी ७० हर्ट्झच्या आसपास हलवतात. वेग ठाम ठेवलात तर यंत्रमानव ऐकू येतो. तो ५० ते ९० मध्ये वेडावाकडा भरकटू द्या, मग घसा ऐकू येतो.

२० हर्ट्झखालच्या, ऐकू न येणाऱ्या आवाजाने भूत दिसतं वगैरे चर्चा फार चालते. माझा त्यावर भरवसा नाही, कारण बहुतेक चित्रपटगृहांचे सबवूफर २५-३० हर्ट्झखाली गळपटतात. तो आवाज खुर्चीपर्यंत पोहोचतच नाही. ३० ते ६० हर्ट्झचा हलका गुंजारव मात्र छातीत जाणवतो. तो दोन-तीन मिनिटं इतका खाली ठेवा की कुणाच्या लक्षातही येऊ नये, आणि ऐन वेळी काढून घ्या. पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं.

फोनवर आणि लॅपटॉपवर हे खालचे आवाज वाजतच नाहीत, शिवाय तिथे पातळीतला फरकही दाबला जातो. त्यासाठी वेगळं मिक्स हवं: आधीच्या भागातले वरचे स्वर फिल्टरने झाकायचे आणि धडाक्याला ते एकदम उघडायचे. पातळी तेवढीच राहिली तरी फरक जाणवतो.

बाजूच्या स्पीकरमध्ये तीक्ष्ण आवाज टाकला की लोक मान वळवून दाराकडे पाहतात आणि पडद्यावरचं निसटतं. तिथे पसरट, दिशा न कळणारे आवाजच ठेवावेत.

शेवटची रांगही विसरू नका. आवाज सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेममध्ये सुमारे १४ मीटर जातो, म्हणजे ३० मीटर मागे बसलेल्याला धडाका दोन फ्रेम उशिरा पोहोचतो. त्याने पडद्यावरचा भयानक चेहरा आधी पाहिलेला असतो. आवाज चित्राच्या एक फ्रेम आधी सरकवला की मागच्यांचं थोडं सावरतं आणि पुढच्यांना खटकत नाही. दोन फ्रेम सरकवला तर पुढच्या रांगेला तो चित्रापासून सुटलेला ऐकू येऊ लागतो.