आमची वाटचाल : शहापूरचं टायपिंग आणि तीन भाषांचे कागद

बेळगावच्या शहापुरात बाबा टायपिंग शिकवायचे. इंग्रजी, मराठी, कन्नड अशी तिन्ही मशिनं होती. २००७ साली ती मशिनं गेली आणि दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक स्कॅनर आला. कागद मात्र त्याच तीन भाषांतले राहिले. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा कन्नड उतारा, त्याच्याच चंदगडातल्या जमिनीचा मराठी सातबारा आणि बँकेचं इंग्रजी पत्र, हे सगळं एका फाइलीत बांधून द्यायचं, हा आमचा रोजचा धंदा.

सुरुवातीला पीडीएफ आम्हाला फक्त बघता यायची. तिच्यात दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर विकत घेणं आमच्या गल्ल्याला झेपणारं नव्हतं. चोरीची सीडी सहज मिळत होती, पण बाबांनी साफ नाही म्हटलं. लोकांची खरेदीखतं आपण टाइप करतो, आपल्या मशिनीत चोरीचा माल कशाला, एवढंच ते बोलले. पुढे प्रोजेक्टचं बाइंडिंग करायला आलेल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाने वाट दाखवली. अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये आणलेली पीडीएफ २००८ मध्ये आयएसओ या जागतिक मानक संस्थेचं खुलं मानक झाली, त्यामुळे तिच्यासाठी कुणीही सॉफ्टवेअर बनवू शकतो, हे त्याने समजावलं आणि त्याच दुपारी लिबरऑफिस हे ऑफिसच्या कामाचं फुकट सॉफ्टवेअर मशिनीत बसवून दिलं. त्या मुलाचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

लिबरऑफिसच्या ड्रॉ या चित्रं काढायच्या भागात पीडीएफ उघडते, खोडता येते, लिहिता येते. इंग्रजी कागदावर हे छान चालतं. मराठीचा धडा आम्हाला एका लग्नपत्रिकेने दिला. गणेशपूरच्या एक मावशी पेनड्राइव्ह घेऊन आल्या. "मामाचं नाव तेवढं राहिलंय बघ, तेवढं घाल की रे." मूळ फाइल आमच्याकडे उरली नव्हती, होती ती फक्त पीडीएफ. ड्रॉमध्ये उघडली तर वेलांट्या एकीकडे, जोडाक्षरं फुटलेली, ‘श्री’चे दोन तुकडे. पीडीएफमध्ये अक्षर कसं दिसावं ते पक्कं असतं, पण ते अक्षर मुळात कोणतं याची नोंद नीट असेलच असं नाही, आणि देवनागरी, कन्नडसारख्या लिप्यांत ते लगेच उघडं पडतं. रात्री बसून अख्खी पत्रिका पुन्हा टाइप केली. मावशींकडून पैसे घेतले नाहीत, चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही टाइप केलेल्या कागदाची पीडीएफ ‘हायब्रिड’ असते, काही झाकून द्यायचं असेल तेवढी सोडून. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ काढताना तेवढ्या एका खुणेवर टिचकी मारायची, की मूळ फाइलही पीडीएफच्या पोटातच जाते. गिऱ्हाइकाला ती साधी पीडीएफच दिसते. आमच्याकडे परत आली की रायटर या लिबरऑफिसच्या टायपिंगच्या भागात जशीच्या तशी उघडते, वेलांटीसकट. दुकान कुठलंही असो, मराठी-कन्नड काम करणाऱ्या प्रत्येकाने ही खूण लावावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

पीडीएफची पानं जोडणं-तोडणं पीडीएफसॅम बेसिक या फुकट सॉफ्टवेअरवर होतं. आमचा स्कॅनर एकच बाजू घेतो. चाळीस पानी करारपत्राच्या आधी सगळ्या पुढच्या बाजू, मग गठ्ठा उलटून मागच्या बाजू, म्हणजे दुसरी फाइल शेवटाकडून सुरू होते. पीडीएफसॅमचं ‘मिक्स’ दुसरी फाइल उलटी धरून एकाआड एक पान लावतं. वहिनी आधी हे हाताने करायच्या, त्यात अर्धा तास जायचा.

फाइलची साइज कमी करायला घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर. अर्ज अपलोड करताना कुठे २०० केबी चालतं, कुठे १ एमबी. त्याचं ‘स्क्रीन’ सेटिंग चित्रं ७२ डीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांवर आणतं आणि जुन्या उताऱ्यातले बारीक आकडे वाचता येत नाहीत, म्हणून आम्ही १५० च्या ‘ईबुक’खाली सहसा जात नाही.

एक चूक अजून सलते. एका गिऱ्हाइकाने भाडेकरारातला आधार नंबर झाकून मागितला. आम्ही त्यावर काळी पट्टी ठेवली आणि पीडीएफ दिली. समोरच्याने माउस ओढून कॉपी केलं, तर पट्टीखालचा नंबर जसाच्या तसा बाहेर आला. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून बोललं, आणि बरोबरच बोललं. आता लिबरऑफिसचं २०१९ मध्ये, ६.३ पासून आलेलं ‘रिडॅक्ट’ वापरतो. ते पानाचं चित्रच करून टाकतं, खाली मजकूर उरत नाही. तरीही फाइल देण्याआधी सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघतोच.

फुकटच्या वेबसाइटही खूप आहेत आणि त्या सोप्याही आहेत. पण तिथे फाइल आपल्या मशिनीतून दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. पत्रिका, जाहिरात असेल तर जाऊ दे. आधार, वाटणीपत्र, दवाखान्याचे रिपोर्ट आमच्या दुकानातून तिकडे जात नाहीत, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

सध्या शनिवारी दुपारी जुने स्कॅन टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला लावतो. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा एकदम सांगता येतात, त्यामुळे कन्नड मथळ्याखालचं मराठी नावही शोधून सापडतं. फिकट शाई असेल तिथे चुका होतात, त्या वहिनी तपासतात. त्यांचं कन्नड माझ्यापेक्षा पक्कं आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशिनींवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमधल्या फाइलींच्या दोन खोकी सीड्या अजून बाकी आहेत.