जुन्या आउटबोर्डची हरवलेली ताकद: आमची वाटचाल

मालवणच्या किनाऱ्यावर आमच्या आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीवर लावायचं इंजिन) दुरुस्तीच्या दुकानात येणारी तक्रार पहिल्यापासून एकच आहे: "मशीन पयल्यासारख्या खेचना नाय." देवबाग-तारकर्लीच्या पर्यटनाच्या होड्या, निवती-आचऱ्याकडच्या मच्छीमारीच्या फायबरच्या होड्या, किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या बोटी. मशीन बहुतेक टू-स्ट्रोक, 9.9 ते 40 हॉर्सपॉवरची. सुरुवातीला आम्ही थेट इंजिन खोलायचो. हेड घासायचं, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) रुंद करायचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवायचा. आज क्रम उलटा आहे: आधी पंखा (प्रोपेलर) आणि होडी, इंजिन शेवटी.

हा क्रम हिशेबातून आला. पाण्यावर उठून धावणाऱ्या होडीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 40 ची 44 हॉर्सपॉवर केली तरी वेग जेमतेम 5 टक्के वाढणार. बोअरचंही तसंच. 80 मिमी बोअर आणि 70 मिमी स्ट्रोकचं (पिस्टनच्या चालीचं) दोन सिलिंडरचं इंजिन 703 सीसीचं. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकला की ते 712 सीसी होतं, सव्वा टक्का. बोअर करून आलेलं मशीन जोरात पळतं ते नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन परत मिळतं म्हणून, वाढलेल्या मापामुळे नव्हे. गिऱ्हाइकाला हे आम्ही आधीच सांगतो, कारण खर्च त्याचा असतो.

मशीन आलं की पहिली पाहणी एक्सलरेटरच्या वायरीची. मूठ पूर्ण पिळून कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघायचं. फुलपाखरू (हवेची वाट उघडणारी चकती) अगदी आडवं झालं पाहिजे. वायर ताणलेली असेल तर ते तिरकंच राहतं आणि मालक वर्षभर पाऊण मशीन चालवत असतो. पाच मिनिटांचं काम, पण याच्यावाचून पुढची सगळी मापं खोटी.

मग पंखा. कंपनी प्रत्येक मशीनला पूर्ण थ्रॉटलवरच्या (मूठ पूर्ण पिळल्यावरच्या) मिनिटाच्या फेऱ्यांची मर्यादा देते. आमच्याकडच्या 40 च्या मशीनला ती 4500 ते 5500 आहे. मशीनवर लिहिलेली हॉर्सपॉवर त्या फेऱ्यांना पोचल्यावरच मिळते. नेहमीचा भार, नेहमीची माणसं, भरलेली टाकी घेऊन टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारं यंत्र) लावायचा. 4400 वरच अडकत असेल तर पंखा जड आहे. पिच (एका फेरीत पंखा कागदावर किती इंच पुढे जातो ते माप) एक इंचाने उतरवला की फेऱ्या दीडशे ते दोनशे वाढतात. 13 चा काढून 11 चा लावला की तेच मशीन 4800 च्या आसपास जातं. उलट, 5500 च्या वर पळालं तर पिच वाढवायचा, नाहीतर कनेक्टिंग रॉडवर ताण येतो.

घसर (कागदावरचा वेग आणि खरा वेग यांतला फरक) मोजायची तर 11 इंच पिच, 2:1 गिअर (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक) आणि 5000 फेऱ्यांना कागदावरचा वेग 22.6 नॉट येतो. जीपीएसवर 18-19 दिसला तर हलक्या होडीला ठीक. 14 दिसला तर कुठेतरी पाणी नुसतं घुसळलं जातंय. पहिला संशय पंख्याच्या आतल्या रबरी बुशवर. त्याची परीक्षा सोपी आहे: आतल्या पितळी बुशपासून रबरावरून पंख्याच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारायची आणि पूर्ण थ्रॉटलवर एक फेरी मारून यायचं. रेघ तुटून दोन टोकं वेगळी झाली असतील तर बुश फिरतोय, इंजिनाचा दोष नाही. खडकाला एकदा लागलेल्या पंख्यात हे हमखास सापडतं.

मशीन बसवण्याची उंचीही तेवढीच महत्त्वाची. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. जुन्या होड्यांवर ती दोन-तीन इंच खाली लोंबत असते आणि पाणी उगाच अडवते. तळाला शेवाळ आणि शिंपले चढलेले असतील, फायबरच्या आतल्या फोमने पाणी प्यायलं असेल, तर आम्ही इंजिनाला हातही लावत नाही. आधी तळ साफ करून आणा, एवढंच सांगतो.

एवढं झाल्यावर इंजिन. गरम करायचं, सगळे प्लग काढून वायरी अर्थ करायच्या (इंजिनाच्या धातूला टेकवायच्या), थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. आकड्यापेक्षा फरक बघायचा: दोन्हींत 10 ते 15 टक्क्यांहून जास्त असेल तर दुखणं आत आहे. कमी असलेल्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा किंवा बोअर, नाही वाढलं तर हेडचं पॅकिंग. रिंगा बहुधा झिजलेल्या नसतात, कार्बनने खाचेत बसलेल्या असतात. कार्बन काढणाऱ्या औषधात रात्रभर भिजवल्या की बऱ्याच वेळा सुटतात. मोटारसायकलचं टूटी (टू-स्ट्रोक) तेल वापरणाऱ्यांकडे हे जास्त. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू3 (आउटबोर्डच्या टू-स्ट्रोक तेलाचा दर्जा) च हवं, लिटरला 20 मिली, म्हणजे 50:1.

पेट्रोलची बाजू अलीकडे सगळ्यात जास्त काम देते. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या आउटबोर्डांना 10 टक्क्यांपर्यंतच मुभा होती. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, म्हणून जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या मापाच्या भोकावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मेन जेट थोडा मोठा करावा लागतो, 150 च्या जागी 155 किंवा 160. प्लग कॉफीच्या रंगाचा हवा. पांढरा पडून त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर मशीन तिथेच थांबवा, पिस्टन वितळायला लागलाय. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी-इथेनॉल खाली बसतं. बंदीआधी टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही कोरडे करा. जेट तारेने खरवडू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा पुरे.

पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्या पडत असतील तर कोणालातरी पेट्रोलच्या नळीतला रबरी गोळा दाबायला सांगा. दाबताच मशीन उचललं तर फ्युएल पंपाचा पडदा गेलाय. रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणाऱ्या पातळ पाकळ्यांची झडप) काढून ट्यूबलाइटसमोर धरा. पाकळीखालून प्रकाश दिसला किंवा टोक उडालेलं असलं तर बदला. थंड असताना नीट आणि अर्ध्या तासाने एका सिलिंडरवर आलं तर ठिणगीची बाजू, म्हणजे इग्निशन कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी सांभाळणारा डबा), गरम झाल्यावर सुटतेय. प्रत्येक प्लगच्या वायरीवर टायमिंग लाइट लावली की कोणता सिलिंडर ते लगेच कळतं. कूलिंगचं इंपेलर (पाणी ओढणारं रबरी चाक) दर हंगामाला नवं घाला, कारण कर्ली खाडीच्या तोंडावरची वाळू त्याचे पंख खाते.

हेड घासणं आम्ही पूर्ण बंद केलं. कॉम्प्रेशन वाढलं की पंपावरचं पेट्रोल भाराखाली ठोकायला लागतं, आणि उन्हाळ्याच्या गरम हवेत ते आणखी लवकर. मिळणारी ताकद थोडी, जाणारा पिस्टन अख्खा.

खरी वाढ मिळण्याची एकच जागा आहे. अनेक कंपन्यांची 9.9 आणि 15 हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मशीन एकाच ब्लॉकवर बनलेली असतात. फरक कार्बोरेटर, रीडचे स्टॉपर आणि काही मॉडेलांत एक्झॉस्टचा. पार्ट नंबर जुळवून कंपनीचेच भाग लावले तर 9.9 ची 15 होते आणि भरवसाही कमी होत नाही. फक्त होडीच्या कागदांवर हॉर्सपॉवर लिहिलेली असते, ती आधी बदलून घ्यावी. मागची फळीही तेवढा जोर सोसणारी हवी. जुन्या मशीनांवरचे आकडे मात्र जपून वाचा. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक कंपन्या हॉर्सपॉवर क्रँकवर मोजत, नंतर पंख्याच्या शाफ्टवर मोजू लागल्या. गिअरमध्ये जाणारी ताकद नव्या आकड्यातून वजा झालेली असते.

रिंगा किंवा पिस्टन बदलले असतील तर पहिले 10 तास तेल 25:1, लिटरला 40 मिली. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणून या काळात पूर्ण थ्रॉटल धरून ठेवू नका. दहा तासांनी प्लग काढून आमच्याकडे आणा.